दम धर

मुंबई नाक्याजवळच्या आमच्या तपासणीच्या खोलीत
पंखा बंद ठेवावा लागतो. तारा हलतात.
अन्विता गांगुर्डे, वय सतरा, राहणार पंचवटी,
केसांत एकवीस ठिकाणी पांढरी चिकट पेस्ट.
"बाई, हे धुतल्यावर जाईल ना? परवा सराव आहे."

ढोल वाजवते ती. तपोवनातल्या मैदानावर,
कमरेला बांधून, तीन वर्षं.
पडली तीही तिथेच,
टिपरू मुठीत घट्ट, दातखीळ बसलेली,
आणि पथकाला वाटलं, रंगात आलीये पोरगी.
"ठोका चुकत नाही हो तिचा कधी," आई म्हणते.
दोनदा म्हणते.

डोळे मिट, मी सांगते.
पडद्यावर रेघा उतरतात,
सेकंदाला नऊ-दहा लाटा,
डोळे मिटलेल्या माणसाचं साधं, संथ पाणी.
लोक विचारतात, यात विचार दिसतात का?
नाही दिसत. मला दिसते गर्दी,
आणि गर्दीत कोणी कोणासाठी थांबलं का, एवढंच.

आत पाचांतल्या चार पेशी म्हणत असतात, चल.
पाचवी म्हणते, दम धर.
आखूड हातांची, गल्लीतल्या गल्लीत राहणारी,
लांबचा निरोप तिच्याकडे सहसा कोणी देत नाही.
कुणी शेजारणीच्या अंगाभोवती टोपली विणून बसते,
कुणी नेमकं तिथेच बोट ठेवते
जिथून आवाज निघणार असतो.
सेकंदाचा शंभरावा भाग, फार तर दोन.
मग बोट उचलते,
आणि खोळंबलेल्या साऱ्या एका दमात बोलतात.
ताल म्हणतो आपण त्याला,
आणि नाव होतं बोलणाऱ्यांचं.

माझे वडील गंगापूर धरणावर होते, दरवाज्यांवर.
दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं
की गावातले त्यांना शिव्या द्यायचे,
आणि नाही लागलं
तर कोणाला त्यांचं नावही माहीत नसायचं.
ते म्हणायचे, सोडायला काय, चाक फिरवलं की झालं.
कधी सोडायचं नाही,
हे शिकण्यात माझी बारा वर्षं गेली.

पुस्तकात वाचलं तेव्हा हसू आलं होतं मला:
पोटातल्या बाळात हीच पेशी, हेच रसायन
"चल" म्हणतं.
"थांब" ती नंतर शिकते,
बाहेर आल्यावर, किंवा येता येता.

दिवा लुकलुकवला.
आधी सावकाश, मग भराभर.
आणि एकाएकी एकवीसच्या एकवीस रेघा
टोक, लाट, टोक, लाट,
खांद्याला खांदा लावून उभ्या.
एकमत. इतकं एकमत
मी सोसायटीच्या सभेत कधी पाहिलं नाही.
कोणी कोणाला अडवत नव्हतं.
तीन सेकंद.
त्या तीन सेकंदांत खोलीत खुर्ची होती,
खुर्चीत ओढणी होती, पेस्ट होती,
अन्विता नव्हती.

"काय झालं?" तिने विचारलं. तिच्यासाठी काहीच झालं नव्हतं.

डॉक्टर गोळी देतील.
ती आत जाऊन त्या पाचवीच्या आवाजाला बळ देते,
असं मी सांगितलं. मला एवढंच सांगता येतं,
ढोलाचं ते सांगतील.

कोमट पाण्याने केस पुसताना ती म्हणाली,
"म्हणजे डाव्या हातासारखं."
उजव्या हातात माझं पेन घेतलं,
डावा तळवा टेबलावर सपाट ठेवला.
"याच्याकडे कोणी बघत नाही, बाई. व्हिडिओतसुद्धा
सगळे टिपरूच काढतात.
पण हा पानावर नसला ना,
तर नुसता गडगडाट."

आणि तिने एक ठोका मारला.
चहाचा ग्लास थरथरला,
तळव्याखाली टेबल गप्प झालं.
आई दारात पर्स घेऊन उभी होती,
बाहेर नंबर पुकारला गेला होता,
आणि आम्ही तिघी
पुढच्या ठोक्याची वाट बघत होतो.